दर ४५ दिवसांनी नवा पासवर्ड, पण कोणासाठी?

दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदलण्याचा नियम ज्या कोणी आमच्या कार्यालयाच्या माथी मारला, त्याला एकदा सोमवारी सकाळी नऊ वाजता महापे एमआयडीसीतल्या आमच्या मजल्यावर आणून उभे करावे, अशी माझी फार इच्छा आहे. नवा पासवर्ड किमान बारा अक्षरांचा हवा, त्यात कॅपिटल अक्षर, आकडा आणि चिन्ह हवे, शिवाय तो मागच्या दहांपैकी एकाशीही जुळता कामा नये! मग माणसे काय करणार? 'कोपरखैरणे@०१' संपला की 'कोपरखैरणे@०२' येतो, आणि ज्यांना तेवढेही लक्षात ठेवायचे नसते त्यांचा कीबोर्ड उलटा केला, की खाली चिकटवलेली पिवळी चिठ्ठी दिसते.

खरा छळ पासवर्ड बदलल्यानंतर सुरू होतो. मोबाइलमधल्या मेलच्या ॲपमध्ये जुनाच पासवर्ड साठवलेला असतो, ते ॲप सर्व्हरचे दार त्याच पासवर्डने ठोठावत राहते, आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून माणूस जागेवर पोहोचेपर्यंत त्याचे खाते 'चुकीच्या प्रयत्नांमुळे' लॉक झालेले असते. हेल्पडेस्कला फोन लावावा, तर पलीकडचा मुलगा अत्यंत नम्रपणे सांगतो, "सर, पोर्टलवर तिकीट टाका ना." अरे बाबा, तक्रार नोंदवायच्या त्या पोर्टललाही तोच पासवर्ड लागतो! ओटीपी मागवावा, तर तो कार्यालयाच्या मेलवर जातो, आणि तो मेल त्याच लॉक झालेल्या खात्यात पडून राहतो. ही व्यवस्था ज्यांनी आखली त्यांनी ती स्वतः एकदाही वापरून पाहिली नसावी.

बरे, यामुळे सुरक्षा वाढते म्हणावे, तर तेही नाही. अमेरिकेतल्या निस्ट या तांत्रिक मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २००४ सालच्या ज्या मार्गदर्शिकेतून चिन्हे-आकड्यांचे आणि ठरावीक मुदतीने बदलण्याचे हे खूळ जगभर पसरले, ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी निस्टने ठरावीक मुदतीने सक्तीचा बदल नको, असे स्पष्टपणे लिहिले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या आपल्या सुरक्षाविषयक शिफारशींतून ही मुदत काढून टाकली. त्याआधी, २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले होते, की जुना पासवर्ड हाती असेल तर १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड सरासरी पाचपेक्षा कमी अंदाजांत ओळखता येतो. म्हणजे आमचे ते ०१ आणि ०२, दुसरे काय!

हे सगळे मी आमच्या माहिती सुरक्षा विभागाला व्यवस्थित लिहून कळवले. लांब, लक्षात राहील असे वाक्य पासवर्ड म्हणून चालू द्या, आधीच चोरीला जाऊन उघड झालेले पासवर्ड नाकारा, मोबाइलवरच तात्पुरता कोड दाखवणारे ऑथेंटिकेटर ॲप द्या आणि ही मुदत काढा, एवढीच मागणी होती. उत्तर आले, की ऑडिटच्या तक्त्यात 'पासवर्डची मुदत' असा रकाना आहे आणि तो भरावाच लागतो. त्या तक्त्यात नोकरी सोडून गेलेल्यांच्या खात्यांचा रकाना बहुधा नसावा, कारण आमच्या विभागातून गेल्या वर्षी राजीनामा देऊन गेलेल्या गृहस्थांचे खाते आजही सुरू आहे, त्यांना साप्ताहिक अहवालाची प्रत नियमित जाते, आणि पासवर्ड बदलण्याची सूचनासुद्धा.