पन्नाशीच्या आत ‘मेकॅनिकलच’? त्या मेसेजला माझं उत्तर

पंधरवड्यात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. नौपाड्यातल्या मामीने, सोसायटीच्या ग्रुपवर दोघांनी, वर ऑफिसातल्या एका मैत्रिणीने. मजकूर थोडक्यात असा: पन्नाशीच्या आत हृदयाचा व्हॉल्व्ह बदलायचा झाला तर डोळे झाकून मेकॅनिकल, म्हणजे कार्बनचा कृत्रिम, बसवा, आयुष्यभर काळजी नाही. टिश्यू व्हॉल्व्ह (प्राण्याच्या ऊतीपासून केलेला) म्हणजे पुन्हा छाती उघडायची, तो डॉक्टरांचा धंदा. आणि रक्त पातळ करायची गोळी म्हणजे विष, सहा महिन्यांनी ती सोडून लसणाचा काढा सुरू करा.

माझ्या छातीत मेकॅनिकलच आहे. लहानपणी घसा धरला, सांधे सुजले आणि ते दुखणं हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेत, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये, उतरलं. २६ व्या वर्षी ती बदलावी लागली, त्याला आता नऊ वर्षं झाली. निवड माझी होती आणि मला ती पटलेली आहे. तरीही ऑपरेशनच्या उंबरठ्यावरच्या एखाद्या पोरीने हा मेसेज वाचून निर्णय घेऊ नये, म्हणून लिहिते आहे.

‘आयुष्यभर काळजी नाही.’ काळजी कशाची, ते आधी ठरवू. कार्बनच्या त्या दोन पाकळ्या सहसा झिजत नाहीत, हे खरं. पण त्यांच्यावर रक्त गोठू शकतं. म्हणून रक्त पातळ करायची गोळी, वॉरफरिन, रोज, जन्मभर, आणि ती लागू पडते आहे का हे पाहायला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी. मायट्रलला मेकॅनिकल असेल तर आकडा साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा, एओर्टिकला (हृदयातून शरीराकडे रक्त जातं त्या वाटेवरच्या झडपेला) २ ते ३. माझ्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला खिळ्याला एक वही टांगलेली आहे. तारीख, आकडा, डोस. सोम-बुध-शुक्र एक गोळी, बाकीचे दिवस दीड. अर्धी गोळी सुरीने कापताना तिचा चुरा होतो, म्हणून एक छोटा कटर आणून ठेवलाय.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत गावी गेले. अळूचं फदफदं, ऋषीची भाजी, पाच-सहा दिवस ताटात पालाच पाला, त्यात दोन रात्री गोळी राहिली. पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के ने गोळीचा परिणाम कमी होतो. ठाण्याला येऊन तपासणीला रक्त दिलं तर २.९ चं १.७ झालेलं. मग आकडा वर येईपर्यंत पोटावर हेपरिनची, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या औषधाची, इंजेक्शनं. पालेभाजी बंद करायची नसते, हेही सांगते, कारण मेसेज फिरवणारे तेही सांगतात. दर आठवड्याला प्रमाण साधारण सारखं ठेवायचं, एवढंच. मेडिकलमधून परस्पर पेनकिलर किंवा अँटिबायोटिक मात्र घ्यायचं नाही. आकडा हलतो, रक्तस्राव होऊ शकतो. घोडबंदर रोडवरून रोज बाइकने जाणाऱ्या मुलाने डोक्याला मार लागण्याचा विचारही याच हिशेबात धरायला हवा.

‘पन्नाशीच्या आत मेकॅनिकलच.’ हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत, पन्नाशीच्या आत एओर्टिक व्हॉल्व्ह बदलताना मेकॅनिकलकडे कल ठेवावा असं आहे. पण रक्त पातळ करायची गोळी चालणार नसेल, नीट सांभाळता येणार नसेल किंवा रुग्णालाच ती नको असेल, तर कुठल्याही वयात टिश्यू, हेही त्याच सूचनांत आहे. मेसेजने पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं गाळलं. आणि मायट्रलची दुरुस्ती होण्यासारखी असेल तर बदलण्याआधी तेच विचारायचं असतं. त्याचा तर उल्लेखच नाही.

‘टिश्यू म्हणजे धंदा’ हे वाचून मला फार राग आला. गाईच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून केलेला हा व्हॉल्व्ह तरुण शरीरात लवकर कडक होतो, त्यावर कॅल्शियम बसतं. पुन्हा ऑपरेशनची शक्यता मोठी, हे कुणी लपवत नाही. वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर कळव्याची एक मुलगी होती, नुकतंच लग्न झालेली. तिने टिश्यूच घेतला. वॉरफरिन वारेतून बाळापर्यंत पोचतं. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्याने गर्भात व्यंग येऊ शकतं. मेकॅनिकल बसवून त्याऐवजी हेपरिन घ्यावं तर व्हॉल्व्हवर रक्ताची गाठ होण्याची भीती. तिला मूल हवं होतं, दुसरं ऑपरेशन तिने हिशेबात धरलं होतं. हा धंदा नव्हे, डोळे उघडे ठेवून केलेली निवड आहे. मला मात्र ठोके अनियमित पडण्याचा त्रास आधीपासून होता, आणि त्यालाही रक्त पातळ करायची गोळी लागते. म्हणजे टिश्यू घेतला असता तरी गोळी सुटली नसती. ‘टिश्यू घेतला की गोळीतून सुटका’ असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पुढे मांडीतून नळी घालून जुन्या टिश्यू व्हॉल्व्हच्या आत नवा बसवता येतो, पण पहिला पुरेसा मोठा असेल तरच. हा प्रश्न पहिल्या ऑपरेशनआधी सर्जनना विचारा.

‘गोळी विषारी.’ वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारायला आलं, हे खरं. माणसांसाठी ते १९५४ पासून वापरात आहे, मोजून दिलेल्या डोसात, आकड्यावर नजर ठेवून. लसूण त्याची जागा घेत नाही, उलट गोळीसोबत काढे चालू ठेवले तर रक्तस्राव वाढू शकतो. आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्याही इथे चालत नाहीत. त्यांतली एक, डॅबिगाट्रान, मेकॅनिकल व्हॉल्व्ह असलेल्यांना देऊन पाहिलं तेव्हा गाठीही वाढल्या, रक्तस्रावही वाढला आणि ती चाचणी मध्येच थांबवावी लागली.

तो मेसेज वाचून कुणी आधीच गोळी सोडली असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करा, मनाने दुप्पट डोस घेऊ नका. माझा व्हॉल्व्ह रात्री शांततेत घड्याळासारखा ऐकू येतो. तुमची ती टिकटिक मंद झाली, अचानक दम लागला, बोलताना जीभ अडखळली किंवा तोंड वाकडं झालं, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा.