राणी सकाळी उठून काय करायची?

“काकू, पण राणी सकाळी उठून काय करायची?”

वर्तकनगरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पहिलीतल्या एका मुलीने मला हे विचारलं, त्याला आता वर्ष होईल. बाहेर धो धो पाऊस, आत सतरंजीवर पंधरा-सोळा पोरं, आणि मी रंगात येऊन झाशीच्या राणीची गोष्ट सांगत होते. घोडा झाला होता, तलवार झाली होती, पाठीला बांधलेलं बाळही झालं होतं. तेवढ्यात तिचा हात वर. आणि माझ्याकडे उत्तरच नव्हतं. लहानपणापासून शंभरदा ऐकलेली गोष्ट, पण त्या बाईचा एक साधा दिवस मला माहीत नव्हता.

तेव्हापासून मनात जे घोळतंय ते आज लिहितेय. लांबलंय, पण वाचा.

आपण लहान मुलांना राण्या शिकवतो म्हणजे काय शिकवतो? एक पोशाख, एक वाक्य आणि एक मरण. शेजारच्या मुलीच्या शाळेत फॅन्सी ड्रेस होता. शिवलेली नऊवारी, थर्माकोलला चंदेरी कागद चिकटवून केलेली तलवार, ओढणीने पाठीला बांधलेली बाहुली. ती ओढणी मीच बांधली होती. बाहुली सारखी घसरत होती म्हणून दोन सेफ्टी पिनाही मीच लावल्या. स्टेजवर जाऊन एकच वाक्य म्हणायचं होतं, तेही हिंदीत. पोरगी गांगरली, वाक्य विसरली. विंगेतून बाई ओरडल्या, “तलवार वर कर!” तिने तलवार वर केली, टाळ्या पडल्या, झालं. घरी येताना मी विचारलं, “पाठीवर कोण होतं गं?” ती म्हणाली, “बाहुली.”

मला फार वाईट वाटलं. तिचा काय दोष? आम्ही मोठ्यांनी तिला तेवढंच दिलं होतं.

त्या बाहुलीचं नाव दामोदरराव. २१ नोव्हेंबर १८५३ ला गंगाधरराव नेवाळकर वारले, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी या मुलाला दत्तक घेतलं. ठाण्याच्या मुलांना हे साल लक्षात ठेवायला सांगावं लागत नाही. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून पहिली आगगाडी आपल्या ठाण्याला आली. “म्हणजे गाडी होती तेव्हा राणी होती?” हो, होती! आणि १८५८ मध्ये राणी झाशीतून बाहेर पडली तेव्हा दामोदरराव तान्हं बाळ नव्हताच, आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. हे ऐकून तिसरीतला एकजण उठून उभा राहिला. “माझ्याएवढा?” तुझ्याएवढाच. मग हॉलभर सगळे एकमेकांच्या पाठीवर चढून बघायला लागले की हे जमतं तरी कसं. हा मुलगा पुढे इंदूरला राहिला, १९०६ साली वारला. म्हणजे आई गेल्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षं. त्या रविवारी मुलांना त्याचीच जास्त काळजी लागली होती. तो कोणाकडे राहिला, त्याला जेवायला कोण घालायचं.

आणि सकाळचं उत्तर? ते मिळालं पेणजवळच्या वरसईच्या एका माणसाकडे. गोडसे भटजी १८५७ साली चार पैसे दक्षिणा मिळेल म्हणून घरून उत्तरेकडे निघाले आणि ऐन धामधुमीत झाशीत जाऊन पोचले. डोळ्यांनी पाहिलेलं त्यांनी लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं की राणी पहाटे उठायची, मल्लखांब करायची, मग घोड्यावर रपेट, मग खाणं आणि दूध, मग अंघोळ. नहाण्याची तिला फार हौस. दरबारात कधी लुगड्यात, तर कधी पायजमा, अंगरखा आणि डोक्याला टोपी. मल्लखांबाचं नाव निघताच आमच्यातले क्लासला जाणारे दोघं ताठ बसले. तलवारीने जे झालं नव्हतं ते मल्लखांबाने झालं. राणी एकदम त्यांच्यातली झाली.

त्याच भटजींना राणी पुढे काल्पीच्या वाटेवर भेटली. धुळीने माखलेली, दमलेली, तहानेने व्याकूळ. भटजी विहिरीतून पाणी काढून द्यायला लागले तर म्हणाली, तुम्ही विद्वान माणूस, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. मातीच्या मडक्याने स्वतः पाणी शेंदलं आणि ओंजळीने प्यायली. मी मुलांना दोन्ही हातांची ओंजळ करायला लावली आणि प्रत्येकीच्या, प्रत्येकाच्या ओंजळीत तांब्यातून पाणी ओतलं. सतरंजी भिजली. पण पोरं इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती.

हे बोलणं दोन मराठी माणसांतलं होतं, हेही सांगायला हवं. माहेर तांबे, सासर मूळ रत्नागिरीकडच्या नेवाळकरांचं, वाढलेली बिठूरला पेशव्यांच्या आश्रयाला. आपल्या मुलांची तिच्याशी ओळख मराठीत व्हावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

मग मी प्रत्येक राणीची सकाळ शोधायला लागले.

अहिल्याबाईंची सर्वांत सोपी, कारण त्यांचं सगळं आयुष्यच कामाचं. चौंडीच्या पाटलाची मुलगी. मल्हाररावांनी या सुनेला हिशेब शिकवले, कारभार शिकवला, मोहिमेवरून पत्रं पाठवून तोफखान्याची कामं सांगितली. १७६७ पासून १७९५ पर्यंत, अठ्ठावीस वर्षं, महेश्वरला रोज दरबारात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकली. काशी विश्वनाथाचं देऊळ, घाट, विहिरी, धर्मशाळा, हे सगळं त्या बैठकीतून झालेलं. मी आईची महेश्वरी साडी नेली होती. मुलींनी (आणि मुलांनीही) काठावरून हात फिरवला.

पण अहिल्याबाईंची गोष्ट सांगताना एक जागा येते. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेले आणि अहिल्याबाई सती जायला निघाल्या. हे सहा वर्षांच्या मुलांना सांगायचं की नाही? मी सांगितलं. अगदी या शब्दांत: “त्या काळी काही घरांत नवरा मेला की बायकोनेही त्याच्याबरोबर मरायचं असं म्हणत. ते फार चुकीचं होतं. सासरे म्हणाले, पोरी, तू जाऊ नकोस, मला तू हवी आहेस. आणि त्या राहिल्या.” मुलांनी प्रश्न विचारले. “ती रडली का?” रडली असणार. “आता असं करतात का?” नाही, त्याविरुद्ध कायदा आहे. एवढंच. कोणी घाबरलं नाही, कोणाला रात्री वाईट स्वप्न पडलं नाही.

संध्याकाळी ग्रुपवर एका आईचा मेसेज आला. एवढ्या लहान मुलांना हे कशाला? त्यांची काळजी मला कळते, मलाही आदल्या रात्री झोप नव्हती. पण मी त्यांना जे लिहिलं तेच इथे लिहिते. अफजलखानाचा कोथळा आपण याच मुलांना हातवारे करून सांगतो. शाहिस्तेखानाची बोटं सांगतो, मुलं ती बोटं मोजून दाखवतात. तेव्हा कोणालाही मुलं लहान वाटत नाहीत. मग बाईवर काय वेळ यायची हे सांगतानाच ती लहान का होतात? सती वगळली तर मल्हाररावांचं मोठेपण कुठे दिसणार? आणि अहिल्याबाई राहिल्या म्हणजे काय झालं, ते तरी मुलांना कसं कळणार? भडक वर्णन नको, हे मला शंभर टक्के मान्य. पण वगळणं नको. त्या आईंचा मुलगा पुढच्या रविवारी आला, याचा मला किती आनंद झाला काय सांगू!

ताराराणींना सकाळ अशी नव्हतीच. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचविशीच्या. औरंगजेब स्वतः दख्खनेत ठाण मांडून बसलेला. १७०७ मध्ये तो नगरजवळ मेला तोपर्यंत सात वर्षं या बाईने राज्य तगवून धरलं. चांदबीबीने नगरच्या वेढ्यात सुरुंगाने फुटलेला तट एका रात्रीत उभा करून घेतला, हे पोरांना फार आवडलं. पाटावर पाट रचून तट बांधून झाला.

आणि येसूबाई. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा मुघलांच्या कैदेत गेल्या, परत आल्या १७१९ मध्ये. तीस वर्षं. हे मी सांगितलं आणि त्याच मुलीने, त्याच आवाजात विचारलं, “मग तीस वर्षं रोज सकाळी उठून तिने काय केलं असेल?” ना लढाई, ना घोडा, ना टाळ्या. मी म्हटलं, “तूच सांग.” ती बराच वेळ विचार करून म्हणाली, “घरी कधी जायचं ते विचारत असेल.” मला पुढे बोलवेना.

मुलांच्या आईबाबांना एक विनंती. राण्यांचा विषय आहे म्हणून मुलग्यांना घरी ठेवू नका. सुरुवातीचे दोन रविवार हे झालं. शिवाजी महाराज मुली ऐकतात, तसं ताराराणी मुलग्यांनी ऐकायला काय हरकत आहे?

आता शेवटचं, आणि यासाठी मला मदत हवी आहे. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडच्या पुढे वैशाखऱ्याहून चढून गेलं की नाणेघाट. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. कोणते यज्ञ केले, दान किती गाई, किती घोडे, किती कार्षापण (त्या काळची नाणी), सगळं आकड्यांत कोरलेलं. त्या अंकांत शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. समोरच्या भिंतीवर राजाराणीचे पुतळे होते, आता फक्त पावलं उरलीत आणि वर नावं. पाऊस ओसरला की मोठ्या मुलांना तिथे न्यायचंय. त्याआधी हॉलमधल्या फळ्यावर ते अंक काढून मुलांना आपापलं वय त्यात लिहायला शिकवायचंय. कोणाकडे त्या अंकांचे मोठे, स्पष्ट फोटो असतील, किंवा कोणाला ब्राह्मी वाचता येत असेल आणि एक रविवार सकाळ देता येत असेल, तर कृपया मेसेज करा. आम्ही दहा वाजता असतो. चहा मी करते.