आतड्यातले जंतू मारून हृदय वाचत नाही

नाशिकरोडला राहणाऱ्या माझ्या मामांना तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला. गेल्या आठवड्यात मामी त्यांच्या औषधांचा डबा आवरत असताना कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची पट्टी जशीच्या तशी निघाली आणि तिच्याखाली अँटिबायोटिकच्या दोन नव्या पट्ट्या सापडल्या. विचारल्यावर मामांनी मोबाइल पुढे केला. सकाळी सोबत फिरणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावरील तो मजकूर सांगतो की हार्ट अटॅकचे खरे कारण कोलेस्टेरॉल नसून आतड्यातले जंतू आहेत. ते अंडी-मटणाचे विष बनवतात, म्हणून शाकाहाऱ्यांना अटॅक येत नाही. तेव्हा दर तीन महिन्यांनी पाच दिवस अँटिबायोटिक घ्या, महिन्यातून दोनदा एरंडेल घ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बंद करा. हा मजकूर मला याआधीही आला होता आणि मी तो न वाचता पुसला होता. आता तो घरातल्या माणसाची गोळी बंद करून गेला आहे.

त्यात थोडे खरे आहे, हे मान्य करावे लागते. अंड्याचा बलक, मटण, कलेजी यांत कोलीन आणि कार्निटीन हे घटक असतात. आतड्यातील काही जिवाणू त्यांपासून ट्रायमिथाइलअमाइन तयार करतात. शिळ्या मासळीला येणारा उग्र दर्प याच पदार्थाचा. तो यकृतात पोहोचला की तेथे त्याचे टीएमएओ या संयुगात रूपांतर होते. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅनली हेझन यांच्या गटाने अँजिओग्राफीसाठी आलेल्या ४००७ रुग्णांवर तीन वर्षे लक्ष ठेवले आणि २०१३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या रक्तात टीएमएओ सर्वाधिक होते, अशा एक चतुर्थांश रुग्णांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांचा धोका सर्वांत कमी टीएमएओ असलेल्या एक चतुर्थांश रुग्णांच्या सुमारे अडीचपट आढळला. मात्र टीएमएओ मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंड थकले तरी त्याचे रक्तातील प्रमाण वाढते. आणि समुद्री मासळीत तर ते तयारच असते. तेवढ्यावरून त्याला सरळ ‘विष’ म्हणता येत नाही.

अँटिबायोटिकचा सल्लाही याच अभ्यासातून उचललेला दिसतो, पण अर्धाच. निरोगी माणसांना दोन उकडलेली अंडी दिल्यावर त्यांच्या रक्तात टीएमएओ वाढले. आठवडाभर मेट्रोनिडाझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन दिल्यावर ते जवळजवळ नाहीसे झाले. मजकूर इथेच थांबतो. औषधे बंद केल्यानंतर टीएमएओ पुन्हा तयार होऊ लागले, हे त्याच शोधनिबंधात लिहिलेले आहे. ती औषधे जंतूंचा सहभाग सिद्ध करण्यासाठी दिली होती, उपचार म्हणून नव्हे. वेगळ्याच एका जंतूच्या संशयावरून हृदयरुग्णांना दीर्घकाळ अँटिबायोटिक देण्याचे प्रयोगही होऊन गेले आहेत. २००५ साली त्याच नियतकालिकात अशा दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. प्रत्येकीत चार हजारांहून अधिक रुग्ण होते आणि दोन्हींत हृदयाला काहीही फायदा दिसला नाही. धोका मात्र खरा आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे वयस्कर माणसांच्या टाचेमागचा स्नायुबंध तुटू शकतो आणि मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर एकदम खाली येऊ शकते. मामांना मधुमेह आहे. ज्या दुकानातून त्यांनी त्या पट्ट्या आणल्या, तेथे त्यांना चिठ्ठी विचारलीसुद्धा गेली नाही, याचा मला मनस्वी संताप येतो.

कोलेस्टेरॉल निर्दोष आहे, हा निष्कर्ष तर त्या अभ्यासातून कुठूनही निघत नाही. संशोधकांनी एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान हे सगळे हिशेबात धरूनच टीएमएओचा धोका वेगळा मोजला होता; म्हणजे तो कोलेस्टेरॉलच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीने जीव वाचतो, हे १९९४ सालीच ४४४४ हृदयरुग्णांवर झालेल्या स्कँडिनेव्हियातील चाचणीने दाखवले आहे: साधारण साडेपाच वर्षांत गोळी न मिळालेल्या गटात २५६ मृत्यू झाले, गोळी घेणाऱ्या गटात १८२. स्टेंट असलेल्या माणसाने ही गोळी डॉक्टरांना न विचारता सोडणे, हा त्या मजकुरातला सर्वांत घातक सल्ला आहे.

शाकाहाऱ्यांच्या शरीरात टीएमएओ कमी बनते, हे खरे आहे. पण मामा माळकरी आहेत. दर पौषात ते निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी जातात आणि गेली चाळीस वर्षे त्यांनी अंड्याला हात लावलेला नाही. स्टेंट त्यांनाच बसवावा लागला. तूप, तळण, मिसळीवरची तर्री, साखर, तंबाखू, वाढलेला रक्तदाब यांना जिवाणूंच्या मदतीची गरज नसते.

एरंडेलाविषयी फार लिहीत नाही. त्याने पोट साफ होते, शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतात. जिवाणू काही दिवसांत पूर्ववत होतात.

रविवारी मी हे सारे मामांसमोर बसून वाचून दाखवले. चाचणीतील दोन आकडे त्यांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतले. त्या रात्री जेवणानंतर त्यांनी गोळी घेतली, आणि सोमवारी मामी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेल्या.