करपलेल्या पातेल्यातील परमार्थ

परवाच्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीच्या प्रीतिभोजनाला भांडी घासणाऱ्या बाई आल्या नाहीत. त्याच सकाळी पाळकसाहेबांनी बायबलातल्या कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायावरून, जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, असा उपदेश केला होता आणि मी पहिल्या बाकावर बसून मान डोलावली होती. त्यामुळे मटणाचे सर्वांत मोठे, बुडाशी करपलेले पातेले माझ्या वाट्याला आले.

मी नळापाशी काथ्या घेऊन बसतो न बसतो तोच मंडळीचे एक वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक, निवृत्त मुख्याध्यापक, दात कोरत शेजारी येऊन उभे राहिले.

"भाऊ, भाग्यवान आहात," ते म्हणाले. "सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स होते. वेदीपुढे गुडघे टेकल्यावर लाभावे तेवढेच देवाचे सान्निध्य त्यांना स्वयंपाकघरातल्या खणखणाटात लाभत असे. डावीकडे राहिले आहे."

मी डावीकडे घासले.

"संत बेनेडिक्ट यांनी तर मठाच्या कोठाऱ्याला सगळी भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानायला सांगितले. वेदीवरच्या पात्राला अशी करप असते का? पाणी जपून वापरा."

लॉरेन्स मीही वाचले आहेत. त्यांना स्वयंपाकघराचे काम मुळात अजिबात आवडत नसे, आणि तरी ते त्यांनी सुमारे पंधरा वर्षे केले. एकदा त्यांना मठासाठी द्राक्षारस आणायला बर्गंडीला धाडले, तेव्हा पाय अधू असल्यामुळे नावेत त्यांना पिंपांवरून लोळत सरकावे लागले. हे लोळणे व्याख्यानांत कधी येत नाही. आपल्याकडे जनीच्या जात्याला विठ्ठलाने स्वतः हात लावला. दळण किती पुण्याचे असते हे तो शेजारी उभा राहून सांगत बसला नाही.

मी प्रयत्न केला नाही असे नाही. काथ्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर "प्रभू, दया कर" असे मनात म्हणायचे ठरवले, परंतु चौथ्या फेऱ्यापर्यंत त्या प्रार्थनेचे "प्रभू, यांना घरी ने" असे झाले, आणि ती मात्र खरोखर जिवेभावे झाली. मग एकाएकी लक्षात आले, की एरवी ज्या बाई अशी पाच पातेली घासतात त्यांना आम्ही दोनशे रुपये देतो, तेही कोणीतरी आठवण केल्यावर, आणि भाग्यवान आहात असे सांगायला त्यांच्यापाशी आजवर कोणी थांबलेले नाही. तो कोणी मीही नव्हतो. जेवून हात धुवायला याच नळावर येऊन मी त्यांना फक्त जरा सरकायला सांगत आलो आहे.

एवढ्यात वडील प्रथमच खाली वाकले. मदतीला आले असे वाटून मी काथ्याचा अर्धा भाग तोडून पुढे केला. त्यांनी पातेल्याच्या काठावर बोट ठेवले. तिथे त्यांच्या वडिलांचे नाव, त्याखाली "मंडळीस प्रेमाची भेट" आणि १९८७ हे साल कोरलेले होते.

"इथे जरा हलक्या हाताने," ते म्हणाले. "अक्षरे पुसट होत चालली आहेत."