लिथियम, वजन आणि सर्जरी: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही रागाने लिहिलंय आणि त्या रागाला कारण आहे. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बायपोलर आजाराची (ज्यात मूड कधी अति उत्साहात, कधी खोल निराशेत जातो) औषधं चालू असताना वजन कमी करण्याची सर्जरी करता येते का, आणि त्यासाठी मी स्वतः सध्या कोणत्या तपासण्यांमधून जातेय, यावर मागच्या लेखात लिहिलं होतं. ताईंच्या धाकट्या भावाला बायपोलर आहे. बरीच वर्षं तो मूड स्थिर ठेवणाऱ्या लिथियम या औषधावर होता, वजन फार वाढलं म्हणून त्याने गॅस्ट्रिक बायपास (पोट लहान करून आतड्याचा पहिला भाग वगळणारी सर्जरी) करून घेतली. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. महिनाभराने त्याचे हात थरथरायला लागले, जीभ जड झाली, चालताना तोल जाऊ लागला. घरच्यांना वाटलं आजार उलटला. रक्त तपासलं तेव्हा लिथियमची पातळी धोक्याच्या रेषेच्या बरीच वर गेलेली होती. तो वाचला. ताई लिहितात, "गोळ्यांनी वाढलेलं वजन गोळ्या बदलून उतरवा. डोक्याचं औषध घेणाऱ्याने पोटावर सुरी चालवून घेऊ नये, आणि तुम्ही लोकांना त्या वाटेला लावू नये." शेवटी विचारतात, "एवढं ऐकूनही तुम्ही करून घेणार का?"

आधी भावाबद्दल. त्याच्या बाबतीत जे झालं ते वैद्यकीय जगात अनोळखी नाही. बायपास आणि स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग कापून काढणारी सर्जरी), दोन्हींनंतर लिथियमची विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतल्या आहेत. हे का होतं ते लिथियम घेणाऱ्या प्रत्येकाने आणि त्याच्या घरच्यांनी समजून घ्यायला हवं, म्हणून जरा खोलात जाते.

लिथियमवर यकृतात काही प्रक्रिया होत नाही, ते जवळजवळ सगळं किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी लिथियमला सोडियमसारखंच वागवते. शरीरात पाणी आणि मीठ कमी पडलं की किडनी सोडियम धरून ठेवते आणि त्याच्याबरोबर लिथियमही. आता ऑपरेशननंतरचे दिवस आठवा. पाणी घोटाघोटाने प्यायचं, एका वेळी चार घोट गेले तरी पोट भरल्यासारखं वाटतं. खाणं नावापुरतं, त्यामुळे मीठही कमी. मधूनच उलट्या, कधी जुलाब. त्यात बरीच वर्षं लिथियम घेणाऱ्या अनेकांची किडनी लघवी नीट घट्ट करू शकत नाही. सारखी तहान, सारखी लघवी. एरवी माणूस भरपूर पाणी पिऊन ती तूट भरून काढतो. ऑपरेशननंतर पाणी जात राहतं, पण भरून काढायची सोय राहत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती सहज नजरेतून सुटते. वजन जास्त असतं तेव्हा किडनी जास्त रक्त गाळत असते, लिथियमही भराभर बाहेर टाकते. वजन उतरत जातं तसा हा वेग मंदावतो. म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अगदी बरोबर असलेला डोस दोन महिन्यांनी जास्त ठरू शकतो, एकही गोळी वाढवलेली नसताना. गोळी विरघळण्याचं आणि शोषली जाण्याचं गणित बदलतं ते वेगळंच. आणि लिथियमकडे चुकायला जागा फार थोडी. नेहमीच्या उपचारात रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० mEq/L च्या दरम्यान ठेवतात, १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणं दिसू लागतात.

मिठाचा आणि लिथियमचा हा संबंध काही नवा शोध नाही. १९४९ साली अमेरिकेत लिथियम क्लोराइड मिठाला पर्याय म्हणून विकलं जात होतं, आणि मीठ वर्ज्य केलेले हृदयरुग्ण ते जेवणात घालत होते. काही जण दगावले आणि ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड या मानसोपचारतज्ज्ञांनी मेनियावर (बायपोलरमधल्या अति उत्साहाच्या झटक्यावर) लिथियमचा गुण येतो हे प्रसिद्ध केलं.

म्हणून ताई, तुमच्या भावाची हकिकत वाचून मला पहिला प्रश्न पडला तो डोसबद्दल. ऑपरेशनच्या आधी त्याचा लिथियमचा डोस कमी केला होता का? घरी सोडल्यावर दर आठवड्याला लेव्हल तपासायला कुणी सांगितलं होतं का? तुमच्या लिहिण्यावरून तरी तसं दिसत नाही. पहिले काही आठवडे दर आठवड्याला लेव्हल, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) आणि सोडियम, मग अंतर वाढवत निदान वर्षभर, आणि प्रत्येक रिपोर्ट सर्जन आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांच्याही हातात, एवढं झालं असतं तर चढती पातळी हात थरथरायच्या आधी कागदावर दिसली असती. त्याला ऑपरेशनने दगा दिला असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, दोन डॉक्टरांच्या मधल्या रिकाम्या जागेत तो पडला. आणि ही जागा भरून काढता येते, म्हणून तर मी लिहिते.

"घरच्यांना वाटलं आजार उलटला" हे तुमचं वाक्य माझ्या मनातून जात नाही. बायपोलर माणूस गोंधळल्यासारखा बोलला की सगळ्यांना आधी आजारच दिसतो. वजनाच्या सर्जरीनंतर तसं मानून बसणं जिवावर बेतू शकतं. तोल जाणं आणि गोंधळणं ही लिथियमच्या विषबाधेची लक्षणं आहेत, तशीच थायमिन म्हणजे व्हिटॅमिन बी-१ संपल्याचीही आहेत. सारख्या उलट्या होत असतील तर शरीरातला थायमिनचा साठा काही आठवड्यांत रिकामा होतो. मग माणूस गोंधळतो, डोळे नीट फिरत नाहीत, पाय लटपटतात. याला वर्निके म्हणतात. थायमिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं नाही तर स्मृतीचं कायमचं नुकसान होऊ शकतं. म्हणून ऑपरेशन झालेल्या माणसात असं काही दिसलं तर थेट इमर्जन्सीत न्या आणि तिथे तीन गोष्टी मोठ्याने सांगा: वजनाची सर्जरी झालीय, लिथियम चालू आहे, इतके दिवस उलट्या होताहेत.

आता "गोळ्या बदला" याबद्दल. यात अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं मी पूर्ण मान्य करते. मानसिक आजारांवरच्या औषधांत ओलान्झापिन आणि क्लोझापिनने वजन सर्वांत जास्त वाढतं, क्वेटियापिन, व्हॅलप्रोएट, लिथियम यांनीही वाढतं. लॅमोट्रिजिनने सहसा वाढत नाही. सर्जरीचा विचार करण्याआधी औषधांत काही बदल शक्य आहे का, थायरॉइड तपासलंय का (लिथियम थायरॉइड मंद करतं आणि त्यानेही वजन चढतं), वजन उतरवायला मेटफॉर्मिन किंवा सेमाग्लुटाइडसारखं औषध देऊन पाहिलं का, हे प्रश्न विचारायलाच हवेत. अर्थात सेमाग्लुटाइडने मळमळ, उलट्या झाल्या तर लिथियमची तीच काळजी तिथेही घ्यावी लागते.

पण गोळी बदलणं म्हणजे शर्ट बदलणं नव्हे. कुणाला कोणतं औषध लागू पडेल हे शोधण्यात वर्षं जातात. माझ्या बाबतीत लिथियमने जे धरून ठेवलंय ते आधीच्या कोणत्याही औषधाने धरलं नव्हतं. लिथियमने आत्महत्येचा धोका कमी होतो याचे चांगले पुरावे आहेत, आणि ते एकदम बंद केलं की मेनिया उसळून येण्याची भीती असते. वजनासाठी ते सोडणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. शिवाय औषध थांबलं म्हणून चढलेलं वजन आपोआप उतरतं असंही नाही.

आणि सर्जरी झालेल्या पोटाला वजन कमी वाढवणारी औषधं सरसकट चालतात का? लुरासिडोन निदान ३५० कॅलरींच्या जेवणाबरोबर घ्यावं लागतं, झिप्रासिडोन साधारण ५०० कॅलरींबरोबर, नाहीतर ते पुरेसं शोषलंच जात नाही. ऑपरेशननंतर कित्येक महिने एवढं जेवण एका बैठकीत पोटात मावत नाही. हळूहळू विरघळणाऱ्या एसआर आणि ईआर गोळ्यांचीही बायपासनंतर खात्री देता येत नाही, त्या साध्या गोळीत किंवा द्रवरूपात बदलून घ्याव्या लागतात. कोणतं औषध, कोणत्या रूपात, हे सगळं ऑपरेशनच्या आधी ठरायला हवं.

"डोक्याचं औषध घेणाऱ्याने" हे शब्द मात्र मला टोचले. बायपोलर हे निदान म्हणजे सर्जरीला बंदी, असं आजचे मार्गदर्शक नियम म्हणत नाहीत. आजार आटोक्यात नसणं, नुकतंच भरती व्हावं लागलेलं असणं, आत्महत्येचे विचार, दारू किंवा नशा चालू असणं, ही थांबायची कारणं आहेत. २०१३ साली कॅलिफोर्नियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्जरी झालेले १४४ बायपोलर रुग्ण होते आणि तुलनेसाठी सर्जरी न झालेले १,४४० बायपोलर रुग्ण. मानसिक आजारासाठी भरती व्हावं लागण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हे १४४ जण पारखून घेतलेले, स्थिर रुग्ण होते हे खरं. पारखून घ्या, एवढंच माझंही म्हणणं आहे.

धोका मी लपवत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला ८,८१५ रुग्णांचा अभ्यास सांगतो की स्वतःला इजा करून घेतल्यामुळे इमर्जन्सीत यावं लागण्याचं प्रमाण सर्जरीनंतर सुमारे दीडपट झालं. बहुतेक घटना दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षात घडल्या, आणि जवळजवळ सगळ्या आधीपासून मानसिक आजाराचं निदान असलेल्यांमध्ये. म्हणजे वजन उतरलं, सगळे कौतुक करताहेत, सर्जनकडच्या फेऱ्या विरळ झाल्यात, नेमकं तेव्हा कुणीतरी लक्ष ठेवून असायला हवं. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, तीही याच काळात घात करते.

दुसऱ्या बाजूलाही जीवच आहे, ताई. बायपोलर असलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी लवकर जातात, आणि त्याचं एक मोठं कारण हृदयविकार आहे. ज्याची शुगर, बीपी, झोपेतला श्वास सगळंच बिघडलंय, त्याला निव्वळ निदानाचं नाव पाहून परत पाठवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं नाही.

तुमची प्रतिक्रिया वाचून मला सर्वांत जास्त भीती कशाची वाटली ते सांगते. हे वाचणारं कुणीतरी सर्जनसमोर बसलेलं असेल. फॉर्मवर "चालू औषधं" अशी ओळ असेल, आणि "डोक्याचं औषध लिहिलं तर नाही म्हणतील" या भीतीने ती ओळ कोरी सोडली जाईल. किंवा ऑपरेशनच्या तीन आठवडे आधी गोळ्या गुपचूप बंद केल्या जातील. असं करणारी माणसं मला मेसेज करतात. मग भूल देणाऱ्याला लिथियम चालू असल्याचं माहीत नसतं, सर्जन दुखण्यावर नेहमीची आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक लिहून देतो, आणि त्याच गोळ्या लिथियमची पातळी आणखी चढवतात. "तुम्ही येऊच नका" असं म्हटल्याने माणसं यायची थांबत नाहीत, फक्त सांगायची थांबतात.

भावाचं लिथियम पुन्हा सुरू केलं असेल तर दुखण्यावरच्या या गोळ्या त्याच्यासाठी दोन कारणांनी वर्ज्य आहेत: एक लिथियम, दुसरं बायपासच्या जोडावर होणारा अल्सर. घरातल्या औषधांच्या डब्यात त्या असतील तर काढून टाका. त्याची किडनी आणि थायरॉइड पुन्हा तपासलंय ना, बी-१२ आणि बाकीची व्हिटॅमिन चालू आहेत ना, तेही विचारा. बायपासनंतर ती जन्मभर घ्यायची असतात.

मी करून घेणार का? हो, घ्यायची आहे. माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनी अट घातलीय की मूड बराच काळ सपाट राहिलेला हवा, आणि अति उत्साहाच्या भरात मी तारीख मागितली तर ती द्यायची नाही. हे त्यांनी माझ्यासमोर सर्जनना फोन करून सांगितलं. लिथियमच्या डोसचं आणि तपासण्यांचं वेळापत्रक दोघांच्या सहीने कागदावर आल्याशिवाय मी टेबलवर जाणार नाही. सर्जनची सही अजून व्हायची आहे, आणि ती होईपर्यंत मी तारीख घेतलेली नाही.