एकसारखे असलो की एक होतो?

2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, विरोध झाला आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला. त्या वादात एक वाक्य सारखं कानावर यायचं: देश एक ठेवायचा तर भाषा, संस्कृती एकच हवी. असं म्हणणारे काही जण माझ्या अगदी जवळचे आहेत, देशावर मनापासून प्रेम करणारे. म्हणूनच सविस्तर लिहितोय.

तसं असेल तर सोमालिया का फुटला?

आफ्रिकेत इतका एकजिनसी देश क्वचितच सापडेल. बहुतेक सगळे सोमाली बोलणारे आणि जवळपास सगळे सुन्नी मुसलमान. 1960 साली ब्रिटिश आणि इटालियन ताब्यातले भाग एकत्र येऊन देश झाला. झेंड्यावरच्या ताऱ्याची पाच टोकं म्हणजे सोमालींचे पाच मुलूख, शेजारच्या देशांतलेसुद्धा. राष्ट्राभिमानाची कमतरता अजिबात नव्हती. 1969 मध्ये सियाद बारे या लष्करी अधिकाऱ्याने सत्ता बळकावली. 1972 मध्ये त्याने सोमालीला अधिकृत लिपी दिली, साक्षरतेची मोठी मोहीम काढली (हे काम खरोखर चांगलं होतं), आणि सोमाली समाज ज्या कुळांमध्ये विभागलेला आहे, त्या कुळाचा उल्लेख करायलाही बंदी घातली. मोक्याच्या जागांवर मात्र स्वतःच्या गोतातली माणसं बसवली. इथियोपियातल्या सोमाली वस्तीच्या ओगादेन भागासाठी झालेल्या युद्धात हार झाल्यावर असंतोष उघड झाला. 1988 मध्ये तर सरकारी विमानांनी आपल्याच देशातल्या हार्गेसा शहरावर बॉम्ब टाकले, कारण तिथली बहुसंख्य वस्ती इसाक कुळाची, आणि बंडखोरही त्याच कुळातले. 1991 मध्ये बारे पळाला आणि उत्तरेने सोमालीलँड वेगळा झाल्याचं जाहीर केलं. दोन्हीकडे भाषा तीच, धर्मही तोच.

अनेक भाषा-धर्मांचा देश फुटतोच, याचा दाखला म्हणून युगोस्लाव्हियाचं नाव कुणीतरी घेईलच. पण तिथेही 1989 मध्ये अल्बेनियन बहुसंख्य असलेल्या कोसोवो प्रांताची स्वायत्तता आधी काढून घेतली गेली, देश फुटायला लागला तो त्यानंतर.

आता आपल्याकडे बघा. फाळणीची जखम ओली असताना, 1948 मध्ये, दार आयोगाने भाषावार प्रांतांना विरोध केला. ती भीती मी समजू शकतो. पण तेलुगू भाषकांच्या राज्यासाठी पोट्टी श्रीरामुलूंचा उपोषणात जीव गेला, आंध्र झालं, आपण रक्त सांडून संयुक्त महाराष्ट्र मिळवला. देश तुटला का? स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी करणाऱ्या द्रमुकने ती 1963 मध्ये सोडली. त्यात चीन युद्धाचा आणि फुटीरतेविरुद्धच्या घटनादुरुस्तीचा वाटा होता, हे मान्य. तरी 1965 च्या हिंदीविरोधी आंदोलनानंतर दिल्लीने इंग्रजी कायम ठेवली, 1967 मध्ये तोच पक्ष मद्रासमध्ये मतपेटीतून सत्तेवर आला, आणि तमिळ माणूस तमिळ राहूनच भारतीय राहिला. मला हे आपल्या लोकशाहीचं सर्वांत मोठं यश वाटतं.

मात्र हेच माप आपल्यालाही लावा. कोकणी ही मराठीचीच बोली, म्हणून गोवा महाराष्ट्रात यावा, असं आपल्यातलेच कितीतरी लोक ठासून सांगत होते. जानेवारी 1967 च्या कौलात गोवेकरांनी विलीनीकरण नाकारलं. त्याने मराठीचं काहीही बिघडलं नाही. आज मेळघाटातल्या कोरकू आणि गडचिरोलीतल्या गोंड मुलांना पहिलीत त्यांच्या भाषेतून शिकायला मिळावं, ही मागणी हिंदीसक्तीविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रत्येक मराठी माणसाने तितक्याच मोठ्या आवाजात करायला हवी.