‘अनुभवाने जमेल’, मग तोवरच्या पेशंटचं काय?

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांमध्ये एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो: "क्लिनिकल रीझनिंग (पेशंटचं दुखणं कशामुळे आहे याचा माग काढणारा विचार) शिकवता येत नाही, ते अनुभवानेच येतं. तोवर स्पेशल टेस्ट (सांधा ठरावीक पद्धतीने हलवून करायच्या तपासण्या) पाठ करा, शंका आली की एमआरआय सांगा." मी स्पोर्ट्स फिजिओ शिकवते आणि हा सल्ला मला घातक वाटतो.

"अनुभवानेच येतं." अमेरिकेत आर्थर एल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी डॉक्टर विचार कसा करतात ते तपासलं, १९७८ साली ते प्रसिद्ध झालं. नावाजलेले असोत की साधे, सगळेच डॉक्टर पेशंटशी बोलता बोलता सुरुवातीलाच दोन-चार शक्यता मनात धरत होते. फरक पडायचा तो त्या विशिष्ट दुखण्याची जाण किती पक्की यावर. नुसती वर्षं मोजून भागत नाही. वीस वर्षं तीच चूक करणारेही मी पाहिलेत, कारण "हे कशावरून?" असं त्यांना कुणी विचारलंच नाही.

"टेस्ट पाठ करा." आमच्या ओपीडीत तेरा वर्षांचा, अंगाने भरलेला मुलगा आला. कबड्डी खेळायचा, गुडघा दुखतो म्हणून तीन आठवडे लंगडत होता. विद्यार्थिनीने गुडघ्याच्या लिगामेंटसाठीची लॅचमन टेस्ट केली, आतल्या गादीसाठीची मॅकमरे केली, वाटी हलवून पाहिली. सगळं ठीक. ती मांडीचे व्यायाम लिहायला लागली. मी एवढंच विचारलं, "गुडघ्यात काही सापडत नाही, मग दुखतंय कुठून?" ती गप्प झाली. मग त्याला उताणं झोपवून तिने मांडी पोटाकडे वाकवली, तर पाय आपोआप बाहेर वळला. आत वळवायला गेली तसा तो कळवळला. "मॅडम, हिप!" एक्स-रेत खुब्याच्या सांध्यातलं हाडाचं डोकं वाढीच्या थरापाशी सरकलेलं दिसलं. पायावर भार न देता, व्हीलचेअरवरून त्याला त्याच दिवशी ऑर्थोपेडिक सर्जनकडे पाठवलं. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, हे तिने परीक्षेत नक्की लिहिलं असतं. पेशंटसमोर ते सुचायला एक प्रश्न लागला.

म्हणून टेस्टला हात घालण्याआधी मी मुलांना मोठ्याने बोलायला लावते: काय सापडेल असं वाटतं, आणि उलट निघालं तर पुढे काय बदलशील? सुरुवातीला अडखळतात, चिडतातही.

"शंका आली की एमआरआय." २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या मणक्यातल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावरही विचार आपल्यालाच करायचा असतो. घोटा मुरगळल्यावर एक्स-रे कुणाला लागेल हे ठरवणारे ओटावाचे नियम १९९२ पासून आहेत: ठरावीक जागी हाड दाबल्यावर दुखतं का, चार पावलं टाकता येतात का. ते एका दुपारी शिकवून होतात.

लॅचमन करताना नडगी कुठे अडते, हे हाताला कळायला वर्षं लागतात, हे मान्य. पण त्या मुलाचा खुबा तपासणारी विद्यार्थिनी चौथ्या वर्षाला होती. ओपीडीत येऊन तिला दोनच महिने झाले होते.